मूत्रपिंडाला यंत्र आहे, यकृताला का नाही?

बेळगावातल्या एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात मी गेली १९ वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करतो. सकाळी सहाला आर.ओ.च्या पाण्याची तपासणी करायची, यंत्रे धुऊन घ्यायची, पहिल्या पाळीच्या रुग्णांच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातावर जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीत, सुया घालायच्या आणि चार तास रक्त फिरत असताना दाबाच्या आकड्यांवर डोळा ठेवायचा, असा माझा दिनक्रम आहे. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली माणसे या यंत्रांच्या आधाराने दहा-दहा वर्षे जगताना, मुलांची लग्ने लावताना, उसाच्या तोडीवर जातीने उभी राहताना मी पाहिली आहेत.

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझा मामेभाऊ आमच्याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होता आणि त्याची बायको जिन्यावर बसून होती. मी पाळी संपवून वर गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "भाऊजी, तुमच्याकडं इतकी मशिनं हाईत की. त्यातलं एक ह्यांना लावा की." मला त्या वेळी तिला नीट उत्तर देता आले नाही. "वहिनी, ते मशीन किडनीचं आहे," एवढेच मी म्हणालो. त्यावर तिने विचारले, "मग लिव्हरचं कुठं आहे?" तिच्या या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी पुढची बरीच वर्षे गेली, आणि ते तिच्यासारख्या माणसांना समजेल अशा मराठीत कुठेतरी लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटते.

मामेभाऊ खानापूर तालुक्यातला, घाटाकडच्या गावचा, ३८ वर्षांचा. रोपलागणीच्या, आमच्या भाषेत नट्टीच्या, दिवसांत त्याला बारीक ताप आला, अन्नावरची वासना उडाली आणि चारच दिवसांत डोळे पिवळे झाले. त्या पावसात गावातल्या विहिरीत ओहोळाचे पाणी शिरले होते आणि आणखी पाच-सहा घरांत कावीळ होती. पुढे तपासणीत हिपॅटायटिस ई हा काविळीचा विषाणू निघाला. घरच्यांनी गावात पिढ्यान्‌पिढ्या जे केले जाते तेच केले. शेजारच्या वाडीतल्या आजींकडून पाल्याचे औषध आणले, गळ्यात काविळीची माळ घातली, हळद आणि तेल बंद केले आणि रोज दोन पेले उसाचा रस पाजला. यासाठी मी त्यांना दोष देत नाही. हिपॅटायटिस ए आणि ई हे दोन्ही आजार बहुतेक माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, त्यामुळे त्या काळात जे औषध दिले जाईल त्याला गुण आला असेच दिसते. शंभरातल्या नव्व्याण्णवांना बरे वाटताना पाहिलेल्या गावाने त्या औषधावर विश्वास ठेवला तर त्यात नवल नाही. उसाच्या रसाविषयी मात्र एक सांगितले पाहिजे. साखर यकृताला हवीच असते, परंतु रस्त्याकडेच्या रसात पडणारा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कोणी विचारत नाही, आणि हा विषाणू पाण्यातूनच पसरतो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेत मिसळलेले सांडपाणी दिल्लीच्या नळांत शिरले तेव्हा सुमारे २९,००० माणसांना कावीळ झाली होती. ती नेहमीची 'ए' कावीळ नव्हती हे १९८० मध्ये, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून, सिद्ध झाले. आज ती 'ई'ची साथ म्हणून ओळखली जाते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर चार-पाच जणींपैकी एक दगावू शकते, म्हणून घरात गरोदर बाई असेल तर पावसाळ्यात पाणी उकळण्याचा कंटाळा कोणीही करू नये.

कावीळ दिसल्यानंतर नवव्या दिवशी मामेभाऊ रात्रभर जागा राहिला आणि दिवसभर झोपला. दुसऱ्या रात्री तो उठून गोठ्यात गेला आणि बैल बांधायचे राहिले म्हणू लागला. त्याच्या गोठ्यात बैल नव्हते, सहा वर्षांपूर्वीच विकले होते. अशक्तपणामुळे तो बरळतो आहे असे घरच्यांना वाटले आणि आणखी एक दिवस गेला. बेळगावात आणल्यावर डॉक्टरांनी त्याला दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला सांगितले, तेव्हा ते पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडू लागले. ती फडफड आम्हा रुग्णालयातल्या माणसांना ओळखीची असते. कावीळ असलेल्या माणसाची झोप उलटी होणे, बोलण्यात ताळमेळ न राहणे आणि हात असे फडफडणे म्हणजे यकृताने रक्त स्वच्छ करण्याचे काम सोडून दिले आहे आणि आता मेंदू त्यात ओढला जातो आहे.

यकृत म्हणजे बरगड्यांखाली उजवीकडे असलेला सुमारे दीड किलो वजनाचा अवयव. त्यातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहते आणि त्यातले तीन-चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट आलेले नसते. ते आतड्यांतून, पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेने, येते. आपण खाल्लेले जे जे आतड्यांतून रक्तात उतरते ते बाकीच्या शरीराला मिळण्याआधी यकृतातून जाते. जेवणानंतरची जास्तीची साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून रात्री थोडी थोडी सोडण्याचे काम त्याचे आहे, म्हणून यकृत बंद पडलेल्या रुग्णाची साखर अचानक उतरते आणि दर तासाला बोटाला टोचावे लागते. आतड्यांतल्या जंतूंनी तयार केलेला अमोनिया युरियात बदलणे हेही त्याचेच काम. तो बदलला नाही तर मेंदूत जातो, तिथल्या पेशींत ग्लुटामिन होऊन साठतो, पाणी ओढून घेतो, आणि मेंदूला सूज येते. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन यकृत रोज सुमारे १० ते १५ ग्रॅम तयार करते. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनेही तेच तयार करते. पित्त, औषधांचे विघटन, जुन्या लाल पेशींमधून निघणाऱ्या बिलिरुबिनची विल्हेवाट, ही यादी खूप लांबते, पण या लेखासाठी एकच भेद महत्त्वाचा आहे: मूत्रपिंड मुख्यतः गाळते, यकृत गाळतेही आणि घडवतेही.

आता रक्ताच्या अहवालाविषयी, कारण आमच्या घरातली सगळ्यांत मोठी चूक तिथे झाली. कावीळ "किती पॉइंट आहे" हे आपल्याकडे सगळे विचारतात. तो आकडा बिलिरुबिनचा. दुसरा आकडा एसजीपीटीचा. गावाजवळच्या दवाखान्यातल्या पहिल्या तपासणीत मामेभावाचा एसजीपीटी ३,२०० होता आणि पाच दिवसांनी तो ७४० वर आला. थोरल्या मामेभावाने मला फोन करून आनंदाने सांगितले की आकडा उतरला, आता धोका टळला. मी डायलिसिसचा माणूस, मलाही ते पटले, आणि ही गोष्ट मला आजही बोचते. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आत असलेले विकर आहे. पेशी फुटली की ते रक्तात सांडते. फुटायला पेशीच उरल्या नाहीत तरी तो आकडा खाली येतो. बिलिरुबिन त्याच वेळी वाढत असेल आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा आकडा, वाढत असेल, तर उतरणारा एसजीपीटी ही चांगली बातमी नव्हे. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी सातव्या घटकाचे आयुष्य अवघे काही तासांचे असते, त्यामुळे यकृताने निर्मिती थांबवली की एका दिवसात आयएनआर बोलू लागतो. अल्ब्युमिन मात्र अर्धे व्हायला सुमारे २० दिवस घेते, म्हणून ते अशा वेळी बरे दिसत राहते आणि माणसांना फसवते. पूर्वी यकृताचा काहीही आजार नसलेल्या माणसाला कावीळ झाली, त्याचा आयएनआर १.५ किंवा अधिक झाला आणि शुद्धीत फरक पडला, तर त्याला तीव्र यकृत-निकामीपणा म्हणतात. आमच्या घरी दोन अहवाल होते आणि दोन्हींत आयएनआर केलेला नव्हता. तिसरा अहवाल बेळगावचा. त्यात तो ४.६ होता.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो.

डायलिसिसचे पहिले यशस्वी यंत्र विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, नेदरलँड्समधल्या काम्पेन या गावी बनवले. सॉसेजची वेष्टने करण्यासाठी लागणारी सेलोफेनची नळी त्यांनी लाकडी पिंपाभोवती गुंडाळली होती. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले आणि १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली. त्या नळीपासून आजच्या डायलायझरपर्यंत, म्हणजे यंत्रातल्या रक्त गाळणाऱ्या भागापर्यंत, तत्त्व बदललेले नाही. पातळ पडद्याच्या एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला शुद्ध द्रव ठेवला की पडद्याच्या छिद्रांतून मावणारे आणि पाण्यात विरघळलेले पदार्थ आपोआप पलीकडे जातात. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम हे सगळे त्या वर्गातले आहेत, म्हणून मूत्रपिंडाची जागा यंत्र बऱ्याच अंशी घेऊ शकते. अमोनियाही लहान आणि पाण्यात विरघळणारा आहे. त्यामुळे यकृताच्या रुग्णालाही संथगतीने, चोवीस तास चालणारे डायलिसिस लावले तर अमोनिया उतरतो. मामेभावालाही ते लावले होते, वहिनींना मात्र ते कोणी सांगितले नव्हते.

अडचण बिलिरुबिन, पित्ताम्ले आणि त्यांच्यासारख्या इतर पदार्थांची आहे. बिलिरुबिनचा रेणू तसा लहानच, परंतु तो रक्तात एकटा फिरत नाही. तो अल्ब्युमिनला चिकटून फिरतो, आणि अल्ब्युमिनचा रेणू त्याच्या शंभरपटीहूनही जड असतो. चिंचोळ्या बोळातून माणूस सहज जाईल, पण तो बैलगाडीत बसलेला असेल आणि गाडीतून उतरायला तयार नसेल तर गाडीबरोबर तोही अलीकडेच राहणार. माझ्या विभागातल्या डायलायझरपाशी नेमके हेच होते. जर्मनीतल्या रोस्टॉक येथे श्टांगे आणि मित्स्नर यांनी १९९३ च्या सुमारास यावर फार सुंदर तोड काढली. त्यांनी पडद्याच्या पलीकडे नुसता द्रव न ठेवता अल्ब्युमिनचे द्रावण ठेवले, म्हणजे पलीकडे रिकाम्या गाड्या उभ्या केल्या. गाडी बोळातून येत नाही, पण प्रवासी अलीकडच्या गाडीतून उतरून पडद्यातून पलीकडच्या रिकाम्या गाडीत जाऊन बसतात. ते अल्ब्युमिन मग कोळसा आणि रेझिन यांच्या स्तंभांतून नेऊन पुन्हा रिकामे केले जाते आणि पुन्हा पडद्यापाशी आणले जाते. या पद्धतीला मार्स म्हणतात. प्रोमिथिअस नावाच्या दुसऱ्या यंत्रात पडद्याची छिद्रे मोठी ठेवतात, रुग्णाचे स्वतःचे अल्ब्युमिनच बाहेर काढतात, स्तंभांवर स्वच्छ करतात आणि त्यालाच परत देतात.

हे वाचताना माझी छाती अभिमानाने भरून आली होती, कारण हे माझ्याच धंद्यातले लोक. मग मी त्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष वाचले. मार्सने बिलिरुबिन उतरते, खाज कमी होते, शुद्धी सुधारते. परंतु जुन्या यकृतरोगावर अचानक आलेल्या निकामीपणाच्या १८९ रुग्णांवर युरोपात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २८ दिवसांनंतर जिवंत असलेल्यांच्या संख्येत फरक दिसला नाही. प्रोमिथिअसची १४५ रुग्णांवरची चाचणीही एकूण रुग्णांपुरती तशीच निघाली. तीव्र निकामीपणाच्या १०२ रुग्णांवर फ्रान्समध्ये मार्सची चाचणी झाली, तिथेही निर्णायक उत्तर मिळाले नाही, आणि त्याचे एक कारण असे की प्रत्यारोपण झालेल्यांपैकी निम्म्यांना साधारण १६ तासांच्या आतच नवे यकृत मिळाले होते. यंत्राला आपला गुण दाखवायला वेळच उरला नाही. हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचले असेल. आमच्याकडे १६ तासांत बेळगावहून बंगळूरला पोहोचून खाट मिळते, रक्तगट जुळवायला घेतला जातो, आणि त्यालाही आम्ही नशीब म्हणतो.

यंत्र गाळू शकते पण घडवू शकत नाही, म्हणून काही शास्त्रज्ञांनी यंत्रातच जिवंत पेशी घातल्या. एका यंत्रात डुकराच्या यकृतपेशी होत्या आणि त्याची १७१ रुग्णांवरची चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्यात माणसाच्या यकृताच्या गाठीपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी होत्या आणि त्याचा मोठा प्रयोग २०१८ मध्ये अपयशी ठरला. शरीराबाहेर काढलेली यकृतपेशी लवकरच आपले काम विसरते, आणि यकृताचे काम भागवायला त्या पेशी शेकडो ग्रॅम लागतात. मला हा मार्ग अजूनही सर्वांत आशेचा वाटतो, पण आज खाटेवर असलेल्या रुग्णासाठी तो नाही.

आज ज्याचा खरोखर उपयोग होताना दिसतो ती गोष्ट या सगळ्यांहून साधी आहे. रुग्णाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव, काढून टाकायचा आणि दात्यांचा प्लाझ्मा द्यायचा. यात विषारी पदार्थ चिकटलेल्या गाड्याच बाहेर जातात, आणि नव्या प्लाझ्माबरोबर रक्त गोठवणारी प्रथिनेही येतात, म्हणजे यकृताने जे घडवायचे ते दुसऱ्यांच्या यकृतांनी घडवलेले मिळते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८२ रुग्णांवरच्या युरोपीय चाचणीत, मोठ्या प्रमाणात प्लाझ्मा बदललेल्यांपैकी ५८.७ टक्के रुग्ण रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ४७.८ टक्के. आपल्याकडे उंदराच्या औषधातल्या पिवळ्या फॉस्फरसमुळे यकृत गेलेल्या रुग्णांवर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने कमी प्रमाणातल्या प्लाझ्मा-बदलाचे काम केले आहे. ज्या शेतकरी कुटुंबांत ते औषध कोनाड्यात असते, त्यांनी हे लक्षात ठेवावे: ते खाल्ल्यावर पहिला दिवस माणूस ठीक दिसू शकतो, आणि यकृत त्यानंतर जाते.

मामेभावाचा प्लाझ्मा आम्ही दोनदा बदलला. दुसऱ्या वेळी यंत्रापाशी मीच होतो. दोन्ही वेळा आयएनआर उतरला, शुद्धी थोडी आली आणि बारा तासांत पुन्हा गेली. पिशवीत जमणारा त्याचा प्लाझ्मा हळदीच्या पाण्यासारखा गर्द होता. खाटेच्या उशाशी लावलेल्या सूचना कानडीत होत्या. त्यात काविळीला कामाले म्हटले होते, आणि वहिनी मला तो शब्द पुन्हा पुन्हा विचारत होती. मी तिला सांगितले की आपली कावीळ आणि त्यांचे कामाले हे दोन्ही संस्कृतातल्या कामला या एकाच शब्दापासून आले आहेत. त्या क्षणी तिला दुसरे काय सांगावे हे मला सुचत नव्हते.

या सर्व यंत्रांचा अर्थ मग एवढाच उरतो की ती वेळ मिळवून देतात. यकृताला पुन्हा वाढण्याची विलक्षण शक्ती आहे. प्रत्यारोपणासाठी उजवा मोठा भाग काढून दिलेल्या दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत जवळजवळ मूळ आकाराचे होते. आजारी यकृताला तेवढी सवड मिळाली तर काही जण प्रत्यारोपणाशिवायही उठतात. सवड मिळाली नाही तर दुसऱ्याचे यकृत हाच उपाय, आणि तोही मेंदूची सूज हाताबाहेर जाण्याआधी. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक यकृताचा भाग देऊ शकतात. मृत दात्याच्या अवयवासाठी कर्नाटकात जीवसार्थकते ही संस्था आणि पुण्याकडे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, यांच्या वेगवेगळ्या याद्या आहेत. कोल्हापूरचे पाहुणे पुण्याला चला म्हणत होते, बेळगावचे बंगळूरला चला म्हणत होते, आणि या चर्चेत एक पूर्ण दुपार गेली. सीमाभागातल्या प्रत्येक घरात ही चर्चा होते, मग ती शाळेची असो वा दवाखान्याची. त्या दुपारी मी ठामपणे बोलायला हवे होते. शेवटी रात्री रुग्णवाहिका बंगळूरला निघाली. थोरल्या भावाचा रक्तगट जुळला, त्याच्या यकृताचे सी.टी. स्कॅन झाले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मामेभावाच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन स्थिर झाल्या.

वर्षश्राद्धानंतर मी शेजारच्या वाडीतल्या त्या आजींकडे गेलो. गावातल्या काहींना वाटले मी भांडायला आलो आहे. मी त्यांच्या पडवीत बसून चहा घेतला आणि त्यांना सांगितले की औषध द्यायचे तर द्या, पण आधी तीन गोष्टी विचारा: रात्री झोप लागते का, हात पुढे धरून दाखवता का, आणि हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते का. त्यांनी मला त्या तीन गोष्टी दोनदा म्हणायला लावल्या आणि मग स्वतः म्हणून दाखवल्या. आयएनआर हा शब्द त्यांना जमला नाही, म्हणून मी तो एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. तो त्यांनी देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवला.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी दोघांना तो कागद दाखवून माझ्याकडे बेळगावला पाठवले. एकाचे सगळे ठीक होते. दुसरा, असोग्याकडचा २२ वर्षांचा मुलगा, स्वतःच्या पायांनी जिना चढून वर आला होता आणि त्याचा आयएनआर २.१ होता.